खालचा कप्पा

मिरजेत लग्नं जुळवणारी माणसं पुष्कळ होती, पण जुळलेलं लग्न कितपत टिकेल हे चहा निवायच्या आत ओळखणारी बाई एकच, मंजिरी उपळेकर. मुलाची आई "आमची तशी काहीच अपेक्षा नाही हो" म्हणाली की मंजिरीबाई तिच्या अपेक्षांसाठी मनातलं एक अख्खं पान मोकळं सोडत. मुलगा "मी फार साधा आहे" म्हणाला की त्याच्या बुटांकडे बघत. वडील गप्प बसले तर घर आईचं, आणि वडील फार बोलले तरी घर आईचंच, हा त्यांचा अनुभव. माणसाच्या बोलण्यातून किती वजा करायचं आणि उरेल ते कुठल्या खात्यावर टाकायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

त्यामुळे बंगळूरच्या कंपनीचा माणूस ती टोपी घेऊन त्यांच्या वधूवर केंद्रात आला, तेव्हा बाई त्याच्याकडे जरा दयेनेच बघत होत्या.

"अहो, कोणाच्या डोक्यात काय चाललंय ते बघायला मला टोपी कशाला?"

त्याने वाद घातला नाही. टोपी स्वतःच्याच डोक्यावर चढवली, भिंतीवरचा पडदा लावला, आणि बाईंचं बोलणं तिथेच थांबलं. पडद्यावर काळोखात तरंगणारा एक मेंदू होता आणि त्याच्या आरपार उजेडाचे असंख्य धागे. एक धागा लकाकला की पार दुसऱ्या टोकाचा दुसरा लकाकायचा. दोन्ही विझायचे. मग तिसरीकडे पाखरांचा थवा वळावा तसा उजेड वळायचा. समोरचा माणूस मात्र नुसता बसून बिस्कीट खात होता.

"हे सगळं बिस्किटासाठी?" बाईंनी विचारलं.

"हो. विचार करायला लागलो तर अजून वाढतं."

टोपी म्हणजे दिसायला सायकलवाल्याचं हेल्मेट. आत मसुरीच्या दाण्याएवढ्या काचेच्या कुप्या, आणि कुप्यांत कोंडलेली धातूची वाफ. मेंदूतल्या पेशी काम करताना वीज वाहते, वीज वाहिली की चुंबकत्व उमटतं. इतकं अंधुक, की पृथ्वीच्या चुंबकत्वापुढे ते वादळातल्या कुजबुजीसारखं. पूर्वी ते ऐकायला खोलीभर यंत्र लागे आणि माणसाला पुतळ्यासारखं बसावं लागे. आता ती वाफ ते ऐकत होती, आणि माणूस खुशाल चहा पीत बसू शकत होता.

ऐकून काय करायचं, हे कंपनीच्या माणसाने बाईंना त्यांच्याच भाषेत सांगितलं. मंगल कार्यालयाच्या गॅलरीत उभं राहायचं. खालचं बोलणं ऐकू येत नाही. पण स्टेजजवळच्या चार बायका आणि पार दाराशी बसलेला एक म्हातारा एकाच क्षणी हसतात, एकाच क्षणी गप्प होतात, असं पुन्हापुन्हा दिसलं तर काय समजायचं?

"एकाच घरातले," बाई म्हणाल्या. "आणि आपापसात वाकडं आहे, म्हणून लांब बसलेत."

"तसंच. मेंदूचे जे भाग बरोबर उठतात, बरोबर बसतात, ते जोडलेले. त्या जोडण्यांचा हा नकाशा." आणि जाता जाता तो म्हणाला, "हजारो माणसांचे नकाशे एकत्र करून आम्ही एक नमुना बनवलाय. पण तो आदर्श नव्हे हं, नुसती सरासरी."

बाईंनी मान हलवली, आणि दुसऱ्याच दिवसापासून सरासरीला आदर्श करून टाकलं. त्यात त्यांना काही गैर वाटलं नाही, कारण लग्नाच्या धंद्याची रीतच तशी. स्थळ आलं की आधी त्याची प्रत लावायची, मग ते दाखवायचं. वरच्या प्रतीचं वरच्याला, मधल्याचं मधल्याला. नकाशा नमुन्याशी चांगला जुळला की वरचा कप्पा, बरा जुळला की मधला, जुळलाच नाही की खालचा. लोकांनीही तक्रार केली नाही. पत्रिकेतल्या गुणांची जागा या गुणांनी घेतली, इतकंच. खालच्या कप्प्यातलं स्थळ मात्र खालच्याच कप्प्यातल्याला कधी दाखवायचं नाही, असा बाईंचा नियम होता. दोन अडचणी एका घरात कशाला?

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एके सकाळी त्यांची मुलगी मिहिका डबा भरता भरता म्हणाली, "आई, तुझ्या केंद्रात नाव नोंदवायला काय लागतं?"

"कोणाचं?"

"माझं."

दुसऱ्या कोणाच्या मुलीने असं म्हटलं असतं तर बाईंनी तिच्या चेहऱ्यावरून पुढची दहा वाक्यं वाचली असती. मिहिकाच्या चेहऱ्यावरून त्यांना कधीच काही वाचता आलं नव्हतं, आणि हे त्यांनी कोणाजवळ कबूल केलेलं नव्हतं. मिहिकाचे वडील ती शाळेत असतानाच गेले. ती दोन वर्षांची असल्यापासून डॉक्टर स्वमग्नता म्हणत आले होते. मिहिकाला तो शब्द मान्य नव्हता. "मी स्वतःत कुठे मग्न आहे? मी दगडफुलात मग्न आहे," असं ती म्हणे, आणि ते अगदी खरं होतं. मसाल्याच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, येणारं दगडफूल तपासायचं काम ती करायची. ते फूल नव्हेच. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार, हे ती घरी आलेल्या पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगायची.

"तुला लग्न करायचंय?" बाईंनी जपून विचारलं.

"मला कोणीतरी हवंय. संध्याकाळी. बोलायला. तू ऐकतेस, पण तुझं लक्ष माझं बोलणं कधी संपतंय याकडे असतं."

बाईंना हे लागलं, कारण खरं होतं. त्या तिला केंद्रात घेऊन गेल्या.

मिहिकाचा नकाशा पडद्यावर आला आणि मंजिरीबाई खुर्चीतून उठून जवळ गेल्या. एवढे नकाशे पाहिले होते, असा नाही. शेजारशेजारचे भाग एकमेकांशी असे दाट विणलेले, की एखाद्या गल्लीतली सगळी दारं दिवसभर उघडी असावीत. लांबचे काही राजरस्ते, जे इतरांत ठळक असायचे, ते इथे पायवाटेएवढे. आणि पाहण्याच्या भागापासून कुठेतरी आत खोल जाणारा एक झगझगीत दोर, तो तर दुसऱ्या कोणातच नव्हता. नमुन्याशी जुळणी जवळपास काहीच नाही. खालचा कप्पा, आणि त्यातही तळाला.

"छान आहे," मिहिका म्हणाली.

"काय छान आहे यात?"

"आधी शास्त्रज्ञ म्हणायचे, आमच्यासारख्यांत जवळच्या जोडण्या जास्त आणि लांबच्या कमी. मग काहींच्यात उलटं निघालं. मग वयाप्रमाणे बदलतं असं निघालं. सरासरी काढली की फरक पुसला जायचा, कारण प्रत्येकाचा फरक वेगळ्याच जागी. तुमचे सगळ्यांचे नकाशे म्हणजे एकाच छापखान्यातल्या लग्नपत्रिका, नावं तेवढी बदललेली. आमची प्रत्येकाची हाताने लिहिलेली." ती पडद्याकडे बघत राहिली. "खालच्या कप्प्यातल्यांना तू एकमेकांसमोर कधी बसवलंस?"

"नाही."

"का?"

बाईंनी तोंड उघडलं. दोन अडचणी एका घरात, हे वाक्य जिभेवर आलं होतं. ते मुलीसमोर म्हणता येईना.

तर बसवायचं ठरलं. नकाशे एकमेकांवर ठेवून उपयोग नव्हता, कारण या कप्प्यातला कोणीच कोणासारखा नव्हता. मिहिकाचं म्हणणं, दोघांनी टोप्या घालायच्या, बोलायचं, आणि बोलताना दोन मेंदू बरोबर उठतात-बसतात का ते बघायचं. यंत्रात ती सोय होती. वापरली कोणी नव्हती. पहिला मुलगा चहा पिऊन उठून गेला. दुसरा आपल्या पगाराबद्दल बोलला, फ्लॅटबद्दल बोलला, पुन्हा पगाराबद्दल बोलला. "हा चुकून इथे आलाय," मिहिका नंतर म्हणाली. "नुसताच कंटाळवाणा आहे."

तिसरा शार्विल आवटी. घराण्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. शेतावरच्या पंपांच्या जळलेल्या मोटरी यायच्या, आणि शार्विल त्यांच्या कॉइली उकलून नव्या तांब्याच्या तारेने भरायचा. आईबरोबर आला. आवटीवहिनी म्हणजे नवऱ्याच्या मागे दुकान आणि मुलगा दोन्ही सांभाळलेली बाई. बसता बसता त्यांनी खोलीतल्या प्रत्येक वस्तूची किंमत केली, हे मंजिरीबाईंनी टिपलं, आणि एका जाणकाराला दुसऱ्याबद्दल वाटतो तो आदर त्यांना वाटला.

दोघांनी टोप्या घातल्या. मिहिका खिडकीकडे तोंड करून बसली, शार्विल जमिनीकडे. 

"विचार की काहीतरी," आवटीवहिनी पुटपुटल्या.

"तू काय करतेस?" शार्विलने फरशीला विचारलं.

मिहिकाने सांगायला सुरुवात केली. दगडफूल खडकावर कसं बसतं, वर्षाला नखाच्या कडेएवढंही वाढत नाही, बुरशी छप्पर देते आणि शेवाळ अन्न शिजवतं, आणि दोघांना वेगळं केलं तर दोन्ही दिसायला ओळखूही येत नाहीत. ती थांबेना. आवटीवहिनींनी मंजिरीबाईंकडे बघितलं. मंजिरीबाईंनी हातातल्या रुमालाकडे बघितलं. संपलं, असं त्यांना वाटलं. मग शार्विल बोलू लागला. त्याने दगडफुलाबद्दल एक शब्द काढला नाही. तो म्हणाला, तार भरताना प्रत्येक वेढा मागच्याला चिकटून बसला पाहिजे, मधलं व्हार्निश खरवडलं तर आतल्या आत जळतं आणि बाहेरून काही कळत नाही. तोही थांबेना.

"याला म्हणतात पाहण्याचा कार्यक्रम?" आवटीवहिनी कानाशी म्हणाल्या. "एक खिडकीशी बोलतेय, एक फरशीशी."

"वहिनी, पडद्याकडे बघा," मंजिरीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

पडद्यावर दोन मेंदू शेजारी शेजारी होते. एकमेकांशी कसलंच साम्य नसलेले. मिहिका बोलताना तिच्यातला तो झगझगीत दोर पेटत होता, आणि तो पेटला की क्षणभराने शार्विलच्या मेंदूत भलत्याच जागी, कपाळाच्या एका बाजूला, उजेडाचा एक पट्टा उठत होता. शार्विल बोलताना उलट. मग ते क्षणभराचं अंतर कमी होत गेलं. मग उरलंच नाही. दोन वेगळ्या गावांतल्या, वेगळ्या आकाराच्या देवळांत एकाच वेळी आरती व्हावी, तसे दोन वेगवेगळे उजेड बरोबर चढत होते, बरोबर उतरत होते. दोघं गप्प झाली तरी ते चालूच राहिलं.

 आयुष्यभर मंजिरीबाईंनी माणसं जुळवली होती. जुळताना काय होतं, ते त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. आणि ते त्यांच्या खालच्या कप्प्यात पडून होतं.

आवटीवहिनींनी पदराने डोळे टिपले. "आता याद्या कधी करायच्या बोला," त्या म्हणाल्या.

पुढचे दिवस बरे गेले. कारखाना सुटला की मिहिका दुकानात जाऊन बसायची. तिचं बोलणं आणि त्याची तार एकाच वेळी चालायची. घरी येऊन ती काही सांगायची नाही, फक्त जेवताना एकटीच हसायची. मंजिरीबाईंना वाटलं, आता सगळं जमलं. आणि सगळं जमल्यावर लग्न जमवणारी बाई जे करते ते त्यांनी केलं. मुलगा-मुलगी पसंत पडली की लोकांसमोर उभं करण्याआधी त्यांना थोडं घासूनपुसून घ्यायचं, ही त्यांची नेहमीची पद्धत. कोणाचे दात करून घ्यायचे, कोणाला चार चांगले शर्ट घ्यायला लावायचे. शार्विल पाहुणे आले की आतल्या खोलीत जायचा. साखरपुड्याला चारशे माणूस येणार, हा नवरामुलगा आत जाऊन बसला तर?

कंपनीची दुसरी एक टोपी होती. तिचं नाव वळण. रोज तासभर घालायची. मेंदूच्या जोडण्या नमुन्याच्या जवळ गेल्या की कानात गोड सूर वाजायचा, लांब गेल्या की बंद व्हायचा. करायचं काहीच नाही. गोड सुराच्या मागे मेंदू आपणहून जातो, आणि रोज गेला की तीच वाट पडते. महिन्याभराने सोडलं तर हळूहळू पूर्ववत होतं. पाचसहा महिने चालवलं तर वाट पक्की होते. मिहिकाने ती एक आठवडा घालून परत केली होती. "तो सूर लागला की दगडफुलं धूसर होतात," एवढंच तिने कारण दिलं होतं.

मंजिरीबाईंनी ती टोपी शार्विलला दिली. आहेर म्हणून. आवटीवहिनींना सांगून, मिहिकाला न सांगता.

दोन महिन्यांत शार्विल पाहुण्यांत बसू लागला. फोन उचलून "हां, बोला" म्हणू लागला. एका बारशाला जाऊन त्याने पाळण्यातल्या बाळाचं कौतुक केलं, तेव्हा आवटीवहिनी तिथेच रडल्या. आणि एका संध्याकाळी मिहिका लवकर घरी आली.

"हल्ली तो माझ्याकडे बघतो," ती म्हणाली.

"मग चांगलंच की गं."

"जेवलीस का विचारतो. दमलीस का विचारतो. मी सांगायला लागले की हं हं म्हणतो." तिने चप्पल काढून नीट शेजारी शेजारी ठेवली, मग उचलून पुन्हा ठेवली. "तुझ्यासारखं ऐकतो."

मंजिरीबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. पडदा लावायची गरज नव्हती, तरी त्यांनी दुसऱ्या दिवशी दोघांना केंद्रात बसवलं. मिहिका बोलली, दोर पेटला. शार्विलच्या मेंदूत सुबक, सगळ्यांसारखे धागे सगळ्यांसारखे लुकलुकत होते. आपापले. त्यात पलीकडून काही येत नव्हतं आणि पलीकडे काही जात नव्हतं.

"मधल्या कप्प्यात आलाय हो माझा मुलगा," आवटीवहिनी म्हणाल्या. त्या आज ताठ बसल्या होत्या. "आता खरं सांगू का, मंजिरीताई, चार चांगली स्थळं विचारतायत. मी शब्द फिरवणारी नाही. पण हे असं एकमेकांशी काही उमटतच नसेल, तर मुलांच्या सुखाचा विचार केला पाहिजे आपण."

हे वाक्य मंजिरीबाईंनी इतरांच्या बैठकींत अनेकदा वापरलं होतं. त्याचं वजन त्यांना आज कळलं.

त्या दिवशी त्यांनी दोघांनाही सांगितलं, टोपी मीच दिली, त्या टोपीनेच हे केलं, सोडली तर अजून मागे जाता येईल. मिहिका उठून केंद्राच्या दाराबाहेर जाऊन भिंतीशी उभी राहिली.

"तू सोड ती टोपी, शार्विल," मंजिरीबाई म्हणाल्या.

शार्विलने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. हल्ली त्याला ते जमत होतं. "काकू, मला मंडईत जाता येतं आता. लहानपणापासून मी मंडईच्या दारातून परत यायचो. मागच्या रविवारी मी आत गेलो, गवार घेतली, आणि चालत बाहेर आलो. कॉइल भरताना पूर्वी वेढे दिसायचे, आता नुसते मोजावे लागतात, हे खरं. मिहिकाचं बोलणं पूर्वी आत जायचं, ते जात नाही, हेही खरं. पण गवार मी घेतली. तुम्हाला माहीत नाही तुम्ही काय सोडायला सांगताय."

 मंजिरीबाईंना खरंच माहीत नव्हतं.

घरी जाताना वाटेत त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. वळणाच्या टोपीला नमुना लागतो, तो नमुना सरासरीचाच हवा का?  तो म्हणाला, टोपीला काय, कुठलाही नकाशा दिला तर तिकडे नेईल. "पण असं अजून कोणी मागितलं नाही, मॅडम. सगळ्यांना सरासरीकडेच जायचं असतं."

"मिहिका," रात्रीची भाजी निवडायला बसल्यावर बाई म्हणाल्या, "तुझा नकाशा मला देशील? वापरायला?"

मिहिकाने शेंगा मोडायचं थांबवलं. "त्रास होईल तुला."

"होऊ दे."

"आणि सूर जरा वरचा आहे, तो खाली घे आधी."

सुरुवातीला काही झालं नाही. अठ्ठावन्न वर्षांचा मेंदू, त्यात निम्मं आयुष्य लोकांची तोंडं वाचण्यात गेलेलं; टोपी घालून बसल्या की गोड सूर कुठला, नुसती शांतता. मग कधीतरी चुकून एक टिपका वाजायचा. आणखी काही आठवड्यांनी दोन टिपके. मग एक दिवस सूर लागला आणि थोडा वेळ टिकला, आणि समोरच्या भिंतीवरचा खिळा त्यांना असा दिसला, जसा आजवर कुठलाच खिळा दिसला नव्हता. त्याच रविवारी त्या मिहिकाला घेऊन मंडईत गेल्या.

दारातून आत चार पावलं टाकली आणि मंडई नाहीशी झाली. मंडई नावाची एक वस्तू आजवर त्यांना दिसायची, एक गलका ऐकू यायचा. आता गलका नव्हता. एकेक आवाज होता, आणि प्रत्येक जण कानाशी उभा राहून ओरडत होता. वजनकाट्याची साखळी. पोत्यावर आपटणारा बटाटा. "ताई, इकडं या, ताई". पिशवीचा प्लॅस्टिकी चरचराट. कुठलाच लांब नाही, कुठलाच मागे नाही. कांद्याचा वास, ओल्या सुतळीचा वास, कोणाच्या तरी डोक्याचं तेल. त्यांना श्वास घ्यायला जागा मिळेना. त्यांनी मिहिकाचा हात धरला. या असल्या वादळातून ही मुलगी इतकी वर्षं त्यांच्यासाठी कोथिंबीर आणत होती, आणि जुडी शिळी निघाली की त्या तिला बोलायच्या.

"बाहेर जाऊया?" मिहिकाने विचारलं.

हो म्हणायला त्यांनी मान वळवली, आणि वांग्यांचा ढीग दिसला. ढीग नव्हे, वांगी. हे जांभळं आणि ते जांभळं वेगळं होतं, आणि त्याच्या पलीकडचं त्याहून. एकाच्या देठाशी हिरवा रंग जांभळ्यात उतरत होता. कुठे संपतो ते शोधायला गेलं तर तो संपतच नव्हता, नुसता बारीक बारीक होत जात होता, आणि त्या बारीकपणाला तळ नव्हता. पत्र्याच्या भोकातून आलेला उन्हाचा कवडसा त्यावर पडला होता. त्यात धुळीचे कण फिरत होते, आणि प्रत्येक कणाची फिरायची तऱ्हा निराळी. जग एवढं भरलेलं आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या ज्याला रविवारची भाजी म्हणत आल्या होत्या, त्यात हे सगळं रोज उघड्यावर मांडून ठेवलेलं होतं.

माणसं धक्के देऊन जात होती. "ओ मावशी, घ्यायचं नसेल तर सरका." त्या सरकल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं; त्रासाने की कशाने, हे त्यांना वेगळं करता येईना. मिहिका शेजारी उभी होती. तिने हात ओढला नाही, काय झालं म्हणून विचारलं नाही. बघून होईपर्यंत ती थांबली.

पुढच्या आठवड्यात मंजिरीबाई आवटींच्या दुकानावर गेल्या, मिहिकाला घेऊन. वरच्या मजल्यावर बैठक. कोणीच टोपी घातली नव्हती.

"शार्विल," त्या म्हणाल्या, "मी मंडईत जाऊन आले. तू म्हणालास ते बरोबर आहे. मला माहीत नव्हतं. ती टोपी सोड असं मी म्हणणार नाही. धर असंही म्हणणार नाही. दोन्हींत काय आहे ते आता थोडं कळलंय, आणि दोन्ही मोठं आहे. तुझं तू ठरव."

"त्याचं तो काय ठरवणार," आवटीवहिनी म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी माणसात आलाय—"

"आई, मी आधीही माणसातच होतो," शार्विल म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता, दुरुस्ती होती.   मग त्याने मान वळवली, आणि मिहिकाकडे न बघता, तिच्या बाजूच्या फरशीकडे बघत म्हणाला, "मला मंडई आवडली. पण ती मला एकट्याला आवडली. परत येऊन सांगायला कोणी नव्हतं. म्हणजे तू होतीस, पण मला तुला सांगावंसंच वाटलं नाही. हे मला भीतीचं वाटलं." तो उठला, आतून टोपी आणली आणि मंजिरीबाईंच्या मांडीवर ठेवली. "याद्यांत आमच्याकडून एक अट घाला. भाजी तुम्ही आणायची. दर रविवारी. जन्मभर."

"मान्य," मंजिरीबाई म्हणाल्या. वधूपक्षाने इतक्या चटकन अट मान्य केल्याचं त्यांच्या केंद्राच्या इतिहासात उदाहरण नव्हतं.

 चार चांगली स्थळं आवटीवहिनींच्या डोळ्यांसमोरून जिना उतरून चालली होती, हे मंजिरीबाईंना दिसत होतं. बारशातलं ते बाळही चाललं होतं.

"मिरच्या मी आणेन," शेवटी वहिनी म्हणाल्या. "यांना तिखटातलं काही कळत नाही."

त्यानंतर याद्या झाल्याच नाहीत, कारण मिहिका बोलू लागली. मंजिरीबाईंच्या डोक्यात त्या सरावाचं थोडं अजून शिल्लक होतं. कपबशीची किणकिण आणि मुलीचा आवाज सारख्याच अंतरावरून येत होते. मिहिका खडकाबद्दल सांगत होती. शार्विलने हातात तारेचा एक तुकडा घेतला होता आणि तो बोटाभोवती गुंडाळत होता, अजून जरा मोजून, जरा अडखळत. बोलता बोलता मिहिका वाक्याच्या मध्येच थांबली.

एरवी अशा जागी मंजिरीबाई घाईने पुढचं वाक्य भरून टाकत आणि पाहुण्यांना चहा विचारत. आज त्यांना कळलं की ते वाक्य अडलेलं नाही. ती आत कुठल्याशा कडेवरून चालते आहे, आणि कडा लांब आहे. शार्विलचं बोट तारेत थांबलं होतं. तोही वाट बघत होता. आवटीवहिनींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा मंजिरीबाईंनी हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला.

खोलीत कोणीच बोलत नव्हतं. मग मिहिकाने वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं.